ताईचं नाव पत्रात एकदाच येतं

प्रिय मावशी,

मी २६ वर्षांचा आहे. चार वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतोय. बाबा आणि काका मिळून छापखाना चालवतात. औषधांची खोकी, लेबलं, माहितीपत्रकं अशी कामं असतात. बाबांनी तीस वर्षांपूर्वी एका जुन्या मशीनवर सुरुवात केली, काका नंतर आले. चार महिन्यांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. आता ते पुन्हा कामावर जातात, पण काका भेटले की म्हणतात, "दुसऱ्याची चाकरी किती दिवस करणार? आता ये." बाबा स्वतः काही बोलत नाहीत. आई म्हणते, त्यांच्या मनात तेच आहे. काकांनी कुठेतरी वाचलंय की दहापैकी तीनच घरगुती धंदे दुसऱ्या पिढीत टिकतात, आणि ते सारखं ऐकवतात.

लहानपणी सुट्टीभर मी छापखान्यातच असायचो. शाईचा वास मला अजून आवडतो. शिवाय पुढेमागे ते सगळं आपलंच आहे. आमच्या कंपनीत सध्या कपात चालू आहे, माझ्या टीममधले दोघं गेले. पण माझं काम मला आवडतं, आणि बाबांबरोबर दिवसभर काम करायची धास्तीही वाटते, कारण आमचं फारसं पटत नाही. ताई सहा वर्षांपासून तिथे हिशेब आणि ऑर्डरी बघते, त्यामुळे रोजचं अडत नाही. मी नाही म्हटलं तर बाबांची तीस वर्षं वाया जातील का? राजीनामा देऊ का?

— दोन्हीकडे पाय असलेला

अरे दोन्हीकडे पाय असलेल्या,

राजीनामा देऊ नकोस. निदान आत्ता तरी नको. बाकीचं सावकाश वाच.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली. तू त्यात छापखान्यात जायची चार वेगवेगळी कारणं लिहिली आहेस आणि चारही एकाच पातेल्यात ढवळली आहेत. शाईचा वास आवडतो, हे एक. बाबांची तीस वर्षं वाया जातील, हे दुसरं. पुढेमागे सगळं आपलंच आहे, हे तिसरं. आणि कंपनीत कपात चालू आहे, हे चौथं. ही चार कारणं फक्त तुझीच आहेत असं समजू नकोस. प्रमोदिता शर्मा आणि ग्रेगरी अर्व्हिंग या दोन अभ्यासकांनी २००५ साली घरच्या धंद्यात येणाऱ्या पुढच्या पिढीबद्दल एक मांडणी केली. मुलं का येतात, याची त्यांनी चारच मुळं सांगितली. माझ्या भाषेत सांगायचं तर ओढ, कर्तव्य, हिशेब आणि नाइलाज. ओढीनं आलेला माणूस सांगितल्यापेक्षा जास्त करतो. नाइलाजानं आलेल्याकडून त्यांची अपेक्षा सगळ्यात कमी होती, कारण बाहेर आपला निभाव लागणार नाही या शंकेनं तो आलेला असतो आणि ती शंका तो रोज सोबत घेऊन येतो.

आता स्वतःला एक प्रश्न विचार. उद्या तुझ्या कंपनीनं कपात थांबवली आणि तुला बढती दिली, तर हे पत्र तू लिहिलं असतंस का? उत्तर "नाही" असेल तर तुला छापखाना नकोय, तुला आसरा हवाय. आसरा हवा असण्यात लाज काहीच नाही, पण तो दुसरी नोकरी शोधूनही मिळतो. त्यासाठी बाबांना कशाला मध्ये घ्यायचं?

शाईच्या वासाबद्दल थोडं. सुट्टीत आलेल्या मुलाला छापखाना म्हणजे वास, मशीनचा ताल आणि उरलेल्या रंगीत कागदाच्या पट्ट्या. मालकाला छापखाना म्हणजे थकलेल्या बिलासाठी एकाच माणसाला सातव्यांदा केलेला फोन, खोक्यावर औषधाच्या नावातलं एक अक्षर चुकलं म्हणून रद्द झालेला अख्खा जॉब, आणि ऐन घाईच्या दिवशी न आलेला मशीनमन. तुला यातलं काय आवडतं हे तुला अजून माहीत नाही, कारण ही बाजू तू पाहिलेलीच नाहीस. बाबांनी ती घरी आणली नसणार. बहुतेक बाप आणत नाहीत, आणि मग मुलांनी धंद्यात रस घेतला नाही म्हणून हळहळतात.

काकांचा आकडा आधी बाजूला काढू, कारण तो तुझ्या डोक्यावर विनाकारण बसलाय. "दहापैकी तीन" हे जगभर फिरतं. त्याचा उगम १९८७ सालच्या जॉन वॉर्ड यांच्या अभ्यासात आहे. त्यांनी अमेरिकेतल्या एकाच राज्यातल्या, इलिनॉयमधल्या, उत्पादन करणाऱ्या कंपन्या पाहिल्या. माहिती होती १९२४ ते १९८४ या काळातली. एक पिढी तीस वर्षांची धरली, म्हणजे दुसरी पिढी पार करणं म्हणजे तब्बल साठ वर्षं तगणं. कुठलीही कंपनी साठ वर्षं चालली तर आपण तिला नमस्कारच करू! आणि त्या मोजणीत एखाद्या कुटुंबानं चांगली किंमत घेऊन धंदा विकला असेल, तर तोही "न टिकलेल्यां"तच गेला. हातात पैसे घेऊन घरी गेलेला माणूस बुडाला असं आपण म्हणत नाही. तेव्हा काकांना सांग, आकडा खरा आहे पण तुम्ही काढता तो अर्थ त्यात नाही. सांगताना जरा गोड सांग, काका आहेत.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुझ्या पत्रात काका बोलतात, आई बोलते, तू बोलतोस. दोन माणसं बोलतच नाहीत. एक बाबा. दुसरी तुझी ताई.

ताई तुझ्या पत्रात एका वाक्यापुरती येते. "त्यामुळे रोजचं अडत नाही." सहा वर्षं ती हिशेब आणि ऑर्डरी बघते. अरे, छापखान्यात हिशेब आणि ऑर्डरी सोडून उरतं काय? मशीन उरतं, आणि ते चालवायला मशीनमन आहेत. कुठलं गिऱ्हाईक पैसे बुडवतं, कुठला कागदवाला उधारी देतो, कुठल्या महिन्यात काम ओसरतं, हे सगळं आज तिच्या डोक्यात आहे. बाबा इस्पितळात होते तेव्हा छापखाना कोणी चालवला? तू लिहिलेलं नाहीस. मला अंदाज आहे. आणि तरीही तुमच्या घरात "आता कोण सांभाळणार" हा प्रश्न पडतो आणि सगळ्यांची मान तुझ्याकडे वळते, जो गेली चार वर्षं तिथे फिरकलेलाही नाही.

ही खोड फक्त तुमच्या घराची नाही. डेन्मार्कमध्ये चार अर्थशास्त्रज्ञांनी हजारो कंपन्यांचा अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना असं दिसलं की मालकाचं पहिलं अपत्य मुलगा असेल तर कंपनीची सूत्रं घरातच राहण्याची शक्यता वाढते, मुलगी असेल तर कमी होते. डेन्मार्क म्हणजे स्त्री-पुरुष समानतेत जग ज्यांचं उदाहरण देतं त्यांतला देश, तिथली ही गोष्ट. आणि पुढचं ऐक. जिथे घरचाच माणूस प्रमुख झाला तिथे नफ्याचं प्रमाण, बाहेरचा प्रमुख आणलेल्या कंपन्यांच्या तुलनेत, सरासरी किमान चार टक्के-बिंदूंनी घसरलेलं आढळलं. याचा अर्थ घरचे लोक अडाणी असतात असा नाही. निवडायला दोन-तीनच डोकी असली आणि त्यातलीही अर्धी आधीच वगळली, की असं होणारच.

जपानमध्ये या पेचावर पूर्वीपासून एक तोड आहे. मुलगा लायक वाटला नाही तर लायक माणूस शोधायचा, जावई करून घ्यायचा किंवा प्रौढ वयात दत्तक घ्यायचा आणि त्याला घराण्याचं नाव द्यायचं. सुझुकी मोटारींचे ओसामू सुझुकी हे असेच जावई होते, लग्नानंतर त्यांनी सासरचं आडनाव घेतलं. देवळं बांधणारी काँगो गुमी नावाची कंपनी इसवी सन ५७८ पासून एकाच घराण्याकडे होती असं मानतात, तिनंही गरज पडली तेव्हा जावयांना पुढे केलं, आणि विसाव्या शतकात एकदा तर प्रमुखाच्या विधवा पत्नीनं सूत्रं घेतली. चौदाशे वर्षांनंतर कर्जापायी तीही २००६ साली दुसऱ्या कंपनीच्या पंखाखाली गेली, तो भाग वेगळा. सांगायचा मुद्दा इतकाच की ज्यांनी शतकानुशतकं धंदा टिकवला त्यांनी "मुलगाच" हा हट्ट गरजेच्या वेळी सोडला होता.

तेव्हा बाबांशी बोलण्याआधी ताईशी बोल. आणि बोल म्हणजे "मी येऊ का?" असं विचारू नकोस. त्यावर ती "ये की" म्हणेल, मोठी बहीण आहे. तिला विचार, "तुला हा छापखाना हवाय का? पुढची वीस वर्षं तू तिथे स्वतःला कुठे बघतेस? मी आलो तर तुझं काय होईल?" मग गप्प बस. तिला उत्तर द्यायला वेळ लागेल, कदाचित एक-दोन दिवससुद्धा. असा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नसेल. तिला तो हवा नसेल, तर तेही तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं. पण हवा असेल, तर तुझा अर्धा प्रश्न तिथेच सुटला, आणि "बाबांची तीस वर्षं" वाया जाण्याचा तर प्रश्नच मिटला.

इथे माझं स्वतःचं थोडं. विशीत मी भावाच्या धंद्यात चार वर्षं काम केलं, बिनपगारी. घरचंच आहे, पगार कसला घ्यायचा, असं सगळ्यांना वाटायचं आणि मलाही. चार वर्षांनी बाहेर पडले तेव्हा माझ्या नावावर अनुभवाचा कागद नव्हता, हिस्सा नव्हता, शिल्लक नव्हती. भाऊ वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मी "हातभार लावत होते". म्हणून ताईला एक प्रश्न माझ्यातर्फे विचार, तिला पगार मिळतो का, आणि बाहेर याच कामाला मिळाला असता तितका मिळतो का? पगार न घेणारा माणूस मनातल्या मनात हिश्शाची वही लिहीत असतो, आणि ती वही धंद्यातल्या कोणीच पाहिलेली नसते. ती उघडते ती एकदम, आणि तेव्हा घर फुटतं.

आता बाबा. हार्वर्डमध्ये रेनाटो टाग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७८ मध्ये एक साधी आकृती काढली. एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं, एक कुटुंबाचं, एक मालकीचं, एक कामाचं. तुमच्या घराला ती लावून बघ. बाबा आणि काका तिन्हीत. ताई कुटुंबात आणि कामात, मालकीत नाही. तू फक्त कुटुंबात. आणि गंमत म्हणजे सगळे तुला थेट मधल्या भागात ओढतायत, जिथे तिन्ही वर्तुळं एकमेकांवर येतात. तिथे जाणं भागच आहे असं नाही. मालकीत राहून कामात न पडणारी माणसं असतात. खेळणी बनवणाऱ्या लेगो कंपनीचे मालक क्येल्ड किर्क क्रिस्तियानसेन यांनी २००४ साली कंपनी अडचणीत असताना प्रमुखपद घराबाहेरच्या एका पस्तिशीच्या माणसाला दिलं, मालकी मात्र कुटुंबाकडेच ठेवली. लहान छापखान्याला लेगोचं माप लागणार नाही, पण कल्पना तीच आहे. उद्या ताई प्रमुख, तू कमी हिश्शाचा भागीदार, वर्षातून चार वेळा आकडे बघायला बसणारा, असंही घडू शकतं. तुला हे कोणी पर्याय म्हणून सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

बाबांना काय विचारायचं? पहिलं म्हणजे त्यांना काय हवंय तेच. आईकडून नको, काकांकडून नको. "त्यांच्या मनात आहे" ही ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावर आयुष्याचा निर्णय कसा घ्यायचा? कदाचित बाबांच्या मनात छापखाना विकून मोकळं व्हायचं असेल आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ते गप्प असतील. असं मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय, बाप मुलासाठी धंदा रेटतोय आणि मुलगा बापासाठी!

ते म्हणाले "ये", तर पुढचं. कुठल्या कामासाठी ये? "सगळंच बघ" हे काम नव्हे. पगार किती? कुठल्या गोष्टी मी न विचारता ठरवू शकेन? ताईपेक्षा मी वर, खाली की बरोबर? काका आणि तुमचं मत वेगळं पडलं तर मी कोणाचं ऐकायचं? आणि तुम्ही केव्हा थांबणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, आत्ताच आजारपणातून उठलेल्या माणसाला तर फारच. तरी विचार, हळू आवाजात विचार. थांबण्याची वेळ न ठरवलेला बाप साठीचा असो की ऐंशीचा, खुर्चीवरून उठून पुन्हा पुन्हा परत येतो, आणि मुलगा पन्नाशीतही "धाकटे शेठ"च राहतो. तुमचं पटत नाही असं तू लिहिलंयस. न पटणाऱ्या दोघांना एका छताखाली बसवून ते पटू लागतं, असा माझा तरी अनुभव नाही. पण कामं वेगळी आणि हद्दी ठरलेल्या असतील, तर न पटतानाही नीट काम करणारे बाप-लेक मी पाहिलेत.

मग वह्या माग. गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकं. कर्ज किती आहे आणि त्याला वैयक्तिक हमी कोणाची आहे. मशीन किती जुनं, कधी बदलावं लागेल. जागा छापखान्याच्या नावावर आहे की बाबांच्या की दोघा भावांच्या. येणं किती आणि त्यातलं सहा महिन्यांहून जुनं किती. आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एकूण कामाच्या किती हिश्शाचं. एकाच औषध कंपनीकडून निम्मं काम येत असेल, तर तो धंदा तुमचा कमी आणि त्या कंपनीच्या खरेदी खात्याचा जास्त. "पुढेमागे सगळं आपलंच आहे" म्हणतोस ना? कर्जही त्या "सगळं"मध्ये येतं. बाबा वह्या दाखवायला का-कू करू लागले तर चिडू नकोस, पण वह्या पाहिल्याशिवाय होकारही देऊ नकोस. नोकरी बदलताना तू नव्या कंपनीची जेवढी चौकशी करतोस, तेवढी तरी इथे कर. काही वाचता आलं नाही तर ताई आहेच. वह्या तिच्याच हातच्या आहेत.

"एवढा वेळ कुठे आहे, बाबांची तब्येत अशी," असं तू म्हणशील. वेळ आहे. अझीम प्रेमजींना नव्हता. १९६६ साली वडील अचानक गेले तेव्हा ते २१ वर्षांचे होते, स्टॅनफर्डमध्ये शिकत होते, आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना वनस्पती तेलाच्या कंपनीत बसावं लागलं. पुढे तिची विप्रो झाली म्हणून ती गोष्ट स्फूर्तिदायक म्हणून सांगितली जाते. पण त्या मुलाला निवड नव्हती, हे सांगताना लोक घाईत असतात. तुझे बाबा कामावर परत गेलेत. ते उत्तर देऊ शकतात. ही सवलत वापर.

तुझ्याजवळ रजा शिल्लक असेल तर दोन आठवडे घे आणि छापखान्यात जा. बाबांच्या केबिनमध्ये बसू नकोस, तिथे चहाशिवाय काही कळत नाही. पहिला आठवडा ताईच्या टेबलाशी बस आणि वसुलीचे फोन तू कर. दुसरा आठवडा कटिंग, पंचिंग, डिलिव्हरी. कामगारांना सांग की तू शिकायला आलायस. बाबांना आणि काकांनाही आधीच सांग की दोन आठवड्यांनी तू परत जाणार आहेस आणि याचा अर्थ होकार नाही. हे स्पष्ट सांगितलं नाहीस तर तिसऱ्या आठवड्यात तुझ्या नावाची पाटी तयार असेल. घरच्या धंद्यात माणसं ठरवून कमी शिरतात, "जरा मदतीला" म्हणून जास्त शिरतात, आणि दहा वर्षांनी मागे वळून बघताना आपण नक्की केव्हा हो म्हटलं हे त्यांना आठवत नाही.

या सगळ्यानंतर तुला जावंसं वाटलं, तर जा. चार वर्षं बाहेर काम करून जातोयस हे उत्तमच आहे. दुसऱ्याच्या हाताखाली शिव्या खाल्लेला मालक कामगारांशी बरा वागतो. आणि नाही म्हणायचं ठरलं, तर ते बाबांना स्वतः सांग, काकांच्या कानावर घालून ते पोचेल अशी वाट बघू नकोस. कामगारांसमोर नको, जेवणाच्या ताटावर नको. तपासणीला डॉक्टरांकडे जाताना गाडीत दोघंच असाल तेव्हा सांग. गाडीत एकमेकांकडे बघावं लागत नाही, ते बरं पडतं. "बाबा, मी छापखाना चालवायला येणार नाही. ताईला तो हवाय, आणि ती तो आत्ताच चालवते. तिच्या नावावर हिस्सा करा, मी तिच्या पाठीशी आहे." अर्थात ताईनं खरंच तसं म्हटलं असेल तरच. तिच्या वतीनं तूही परस्पर ठरवू नकोस, ते काम घरात आधीच पुष्कळ जण करतायत.

दोन आठवडे झाले की मला लिही. आणि शक्य असेल तर त्या पत्रात खाली दोन ओळी ताईला लिहायला सांग.

— मावशी